आठ नंबरचा दांडा

१

सोमवारी सकाळी पावणेनऊला धाकट्या मॅडमनी कपाटातली निळी पेटी काढली, झाकण उघडलं, आतला धातूचा दांडा खिडकीच्या उजेडात धरून एकदा फिरवला आणि जिथल्या तिथे ठेवून दिला.

“हा तो नाही,” त्या म्हणाल्या.

खुब्याच्या शस्त्रक्रिया विभागाच्या त्या अरुंद खोलीत तेव्हा चौघं होती. विभागप्रमुख, म्हणजे मोठे सर. त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काम केलेल्या धाकट्या मॅडम. चाचणी प्रयोगशाळेचे इंजिनिअर, ज्यांना सगळं रुग्णालय ‘दशांश’ म्हणे, कारण त्यांना वेळ विचारली तरी ते सेकंदांसकट सांगत. आणि दाराशी मेट्रनबाई, ज्यांचं पाठीमागचं नाव मोजणीबाई होतं. ते आपल्याला ठाऊकच नाही असा त्यांचा आव असे.

“तो नाही म्हणजे?” मोठ्या सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “माप तेच दिसतंय. वापरल्याच्या खुणाही आहेत.”

“वजनही तेच,” दशांशांनी दांडा काट्यावर ठेवला होता. “दोनशे अठरा पूर्णांक चार ग्रॅम. नोंदीत हाच आकडा आहे.”

“असेल. पण हा उजव्या पायाचा आहे. आपला डाव्या पायातून काढलेला होता.”

मोठ्या सरांनी दांडा उचलला, त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. दशांशांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

आता एका दांड्यावरून एवढं आभाळ कोसळायचं कारण काय, ते सांगायला हवं. खुब्याचा सांधा झिजून माणूस पाऊल टाकेनासा झाला, की सर्जन मांडीच्या हाडाचं झिजलेलं डोकं काढतो, हाडाच्या पोकळीत वीतभर लांबीचा दांडा उतरवतो आणि वर गुळगुळीत गोळी बसवतो. माणूस पुन्हा चालू लागतो. इतकं साधं वाटणारं हे काम मेट्रनबाईंनी एकतीस वर्षं पाहिलं होतं आणि अजून प्रत्येक वेळी त्यांना त्याचं नवल वाटे.

मोठ्या सरांचा दांडा सरळ. पाचरीसारखा निमुळता आणि आरशासारखा चकचकीत. हाडात भरलेल्या सिमेंटमध्ये तो पहिल्या एकदोन वर्षांत मिलिमीटरभर खाली सरकतो, आणि सरकतो तसतसा अधिकच घट्ट बसतो. डाव्या पायात घाला की उजव्या, त्याची तक्रार नाही. धाकट्या मॅडमना आवडणारा दांडा वाकडा, म्हणजे मांडीचं हाड मुळात जसं बाक घेतं तसाच बाक घेतलेला, आणि मान किंचित पुढे झुकलेली. म्हणून त्यात बुटांसारखा डावा वेगळा, उजवा वेगळा.

दोन्हींची तुलना दोन वर्षं चालली होती. प्रत्येकी बारा दांडे दशांशांच्या यंत्रात अडकवले, प्रत्येकावर पन्नास लाख पावलांचा दाब दिला. सरळ बाराही टिकले. वाकड्यांतले सहा लवकरच मोडले. शुक्रवारी अहवाल छापून झाला. सोमवारी चार वाजता समिती बसणार होती आणि वाकडा दांडा या रुग्णालयातून कायमचा बाद होणार होता.

त्याच्या बाजूने एकच साक्षीदार होता, तो या निळ्या पेटीत. लिफ्ट दुरुस्त करणारा एक गृहस्थ अकरा वर्षं त्या दांड्यावर जिने चढला-उतरला होता. गेल्या महिन्यात तो दुसऱ्याच आजाराने वारला, आणि त्याच्या बायकोने स्वतःहून सांगितलं, की काढा आणि नीट बघा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. दांडा अखंड निघाला. आज दोन वाजता दशांश तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणार होते.

“शनिवारी दुपारी पेटी तुम्हीच कुलपात ठेवलीत,” मोठे सर धाकट्या मॅडमना म्हणाले. त्यांचा आवाज फार शांत होता आणि मेट्रनबाईंना तो शांतपणा चांगला ओळखीचा होता. “दांड्यात बारीक चीर असती, तर दोन वाजता ती दिसली असती. नुकसान तुमच्या बाजूचं झालं असतं.”

“मग मी आत्ता बोललेच कशाला असते, सर?”

“मी ओळखलंच असतं म्हणून.” ते उठले. “चारच्या आत दांडा समोर आला नाही, तर या अभ्यासातून तुमचं नाव काढावं लागेल. तुमच्या कायम नेमणुकीचा कागद माझ्याकडे आहे. तोही सही न होता परत जाईल.”

धाकट्या मॅडमचे हात पेटीच्या झाकणावर तसेच राहिले.

“सर,” मेट्रनबाई म्हणाल्या, “चारपर्यंत हे माझ्याकडे द्या.”

मोठे सर नाही म्हणू शकले नाहीत. बारा वर्षांपूर्वी मोजणीत रक्त टिपायचा एक बोळा कमी भरला म्हणून याच बाईंनी त्यांना चाळीस मिनिटं टाके घालू दिले नव्हते. सर रागाने लाल झाले होते, पण बाई जागच्या हलल्या नव्हत्या. शेवटी बोळा सरांच्याच बुटाच्या तळाला चिकटलेला सापडला होता.

२

मेट्रनबाई आधी स्टोअरमध्ये गेल्या. तिथला स्टोअरकीपर ‘चिकटपट्टी’ या नावाने प्रसिद्ध होता. खोकं, पाकीट, बाटली, दिसेल त्याचं लेबल सोलून वहीत चिकटवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याच्या चहाच्या कपालाही लेबल होतं.

“बाई, माझ्याकडे एक वाकडा दांडा शिल्लक असेल तर माझं नाव बदला,” तो म्हणाला. “बारा मागवले, बाराही प्रयोगशाळेत गेले. हे बघा.”

त्याने जाडजूड वही उघडली. एका पानावर बारा लेबलं ओळीने चिकटवलेली होती, प्रत्येकाशेजारी त्याच्या टपोऱ्या अक्षरात एक ते बारा क्रमांक.

“दांडा पाठवताना काय पाठवतोस?”

“नुसता दांडा. लेबल वहीत, खोकं रद्दीत, आणि दांड्याला तारेने नंबराचा बिल्ला. माझी पद्धत आहे. वही इथून हलत नाही.”

“दांड्यावर काही कोरलेलं असतं?”

“मापाचा आकडा. बाकी काही नाही.”

मेट्रनबाईंनी मनात पहिली गाठ मारली. पेटीतला खोटा दांडा बाहेरून आलेला नव्हता. तो त्या बारांतलाच असणार.

“तू आठवड्याच्या शेवटी इथे होतास का रे?”

“रविवारी होतो. साठा मोजायचा होता. पण मोजणार कसला, बाजूला सकाळपासून यंत्राची धडधड चालू. डोकं उठलं माझं. दुपारी एकदम खाडकन आवाज झाला आणि बंद पडलं.”

मेट्रनबाई दारातच थांबल्या. अहवाल शुक्रवारी छापून झाला होता. मग रविवारी यंत्र कशावर चाललं होतं?

३

तरी त्या आधी मोठ्या सरांकडे गेल्या. ज्याला फायदा होतो त्याला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण त्यांचं डोकं तसंच चाले.

“म्हणजे संशय माझ्यावर?” मोठे सर हसले, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

“सगळ्यांवर सारखा घेतेय, सर. सवय तुम्हीच लावलीत.”

सरांनी खणातून एक सरळ दांडा काढून टेबलावर उभा केला. त्यात खिडकी, पंखा आणि दोघांचे चेहरे लांबट होऊन दिसत होते.

“याच्यावर मी तीस वर्षं काढली. लोक म्हणायचे, दांडा सरकतो म्हणजे सैल झाला. मी म्हणायचो, थांबा, तो सरकून घट्ट बसतोय. वीस वर्षांनी लोकांनी मान्य केलं. असा दांडा ज्याने कल्पनेत पाहिला, त्याच्या बुद्धीला मी रोज हात जोडतो. मला दुसऱ्याचा दांडा चोरायची गरज नाही, बाई.”

मेट्रनबाईंना ते पटलं, आणि फक्त बोलण्यावरून नव्हे. सकाळी सरांनी एकदाच अंगठा फिरवला आणि त्यांना बाजू कळली होती. शस्त्रक्रियेच्या खोलीतलं माणूस दुसरं काहीही चुकेल, पण बाजू चुकणार नाही. रुग्णाच्या मांडीवर आदल्या दिवशी बाण काढतात, टेबलावर घेताना मोठ्याने बाजू म्हणतात, चाकू हातात घेण्यापूर्वी पुन्हा म्हणतात. सरांना किंवा धाकट्या मॅडमना डाव्याच्या जागी दुसरा दांडा ठेवायचा असता, तर त्यांनी झोपेतसुद्धा डावाच उचलला असता. आणि वजन दशांशापर्यंत जुळवायचं तर त्यांच्या ध्यानातही आलं नसतं.

“कपाटाची तुमची किल्ली कुठे असते, सर?”

“ही काय, दाराच्या मागे खिळ्याला.”

“शनिवारी दुपारनंतर इथे कोण आलं होतं?”

“कोणी नाही. माझा भाचा चहाला आला होता, तो तर रोजच...”

सर बोलता बोलता थांबले. दशांश त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा होता. नोकरी त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती आणि कामाच्या जागी तो मामांना कटाक्षाने ‘सर’च म्हणे.

“बाई,” सर हळूच म्हणाले, “तो आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही.”

“ठाऊक आहे,” मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांना ते खरोखरच ठाऊक होतं आणि म्हणूनच पायऱ्या उतरताना त्या मधेच एकदा थांबल्या.

४

जाताना त्यांनी चिकटपट्टीकडून वही मागून घेतली. वही पहिल्यांदाच स्टोअरच्या बाहेर पडत असल्याने तो दारापर्यंत सोडायला आला.

प्रयोगशाळेत दशांश खिडकीपाशी बसले होते. समोरच्या फडक्यावर वाकडे दांडे मांडलेले, काही अखंड, काही दोन तुकड्यांचे. ते एकेक उचलून डोळ्यांसमोर फिरवत होते.

“मावशी,” मागे न बघताच ते म्हणाले. खोलीत दोघंच असली की ते असं म्हणत. “तुम्ही मोजायला आलात ना?”

“हो रे बाबा.”

“बारा आहेत.”

“बारा असणारच. तू बारा ठेवले असशील.” मेट्रनबाईंनी खुर्ची ओढली. “मी अखंड वेगळे मोजते आणि मोडके वेगळे मोजते.”

अखंड पाच भरले. मोडके सात.

त्यांनी छापील अहवालाचा तक्ता पुढे ओढला. मोडके सहा, असं त्यात स्पष्ट होतं. मग त्यांनी बिल्ले वाचले. दोन, तीन, पाच, नऊ, दहा, बारा, हे सहा तक्त्याशी जुळले. सातव्या तुकड्यांना बिल्ला होता आठ नंबरचा. तक्त्यात आठ नंबरापुढे लिहिलं होतं: पन्नास लाख पूर्ण, अखंड.

“शुक्रवारी अखंड असलेला दांडा आज दोन तुकडे कसा, ते मी सांगू की तू सांगतोस?”

दशांशांनी चष्मा काढला.

“मला झोप लागेना,” ते म्हणाले. “माझ्या यंत्रावर सहा दांडे लवकर मोडले. आणि तसाच दांडा त्या माणसाच्या पायात अकरा वर्षं टिकला. दोन्ही खरं कसं असेल? म्हटलं, तोच यंत्रावर लावून बघू. थोडा वेळच. शनिवारी मामांकडची किल्ली घेतली. रविवारी दुपारी तो मोडला. बाकीचे सहा जिथे मोडले, साधारण त्याच आकड्याला.”

“आणि तू घाबरलास.”

“त्या बाईंनी विश्वासाने दिलेली वस्तू, मावशी. मी कोणाला न विचारता तिचे तुकडे केले. मग टिकलेल्यांतला वजनाला जुळणारा एक शोधला, आठ नंबर. तो पेटीत ठेवला आणि त्याचा बिल्ला या तुकड्यांना बांधला. मूळचा अखंड होता, मी अखंडच ठेवला. वाटलं, खोटं कमीत कमी होईल.”

मेट्रनबाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं. खोटेपणासुद्धा दशांशांत मोजणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

“पण सकाळी मॅडम म्हणाल्या, उजव्या पायाचा,” दशांश पुढे म्हणाले. “मावशी, मी पंधरा वर्षं सरळ दांडे तपासले. सरळ दांड्याला बाजू नसते. दांडा यंत्रात धरणारा माझा साचाही त्यांच्यासाठी घडवलेला. वाकडे आले तेव्हा मी पहिल्या दांड्याच्या बाकाप्रमाणे त्यात एक पाचर घातली, एकदाच, आणि बाराही तसेच अडकवले. हे डावे-उजवे असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. हातात घेऊन कधी बघितलंच नाही. सकाळपासून बघतोय. खात्री होत नाहीये.”

मेट्रनबाईंनी वही उघडून मांडीवर घेतली.

“मोडलेले नंबर सांग.”

“दोन.”

लेबलावर बोट ठेवून त्यांनी वाचलं. “डावा.”

“तीन.”

“डावा.”

“पाच.”

“डावा.”

नऊ, दहा आणि बारा नंबरही डावेच निघाले. मग दशांशांनी टिकलेले विचारले. एक, चार, सहा, सात, आठ, अकरा. सगळे उजवे.

दशांशांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. दांडे कच्चे नव्हतेच. उजव्यासाठी लावलेल्या साच्यात डावे अडकवले होते आणि लाखो वेळा त्यांना उलट्या बाजूने पिळलं होतं. लिफ्टवाल्याचा दांडाही डावा होता. हाडात तो अकरा वर्षं टिकला आणि या साच्यात एका दिवसात मोडला.

मेट्रनबाई चोर शोधायला आल्या होत्या. त्यांच्या हाती दोन वर्षांची आख्खी तुलना लागली होती, आणि ती चुकलेली होती. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

“वरती मी सांगू?” त्यांनी विचारलं. “का तू?”

५

समितीत सात जण होते. धाकट्या मॅडम टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारची खुर्ची कोणी घेतली नव्हती. मेट्रनबाई आत आल्या आणि सरळ त्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

मोठ्या सरांनी घसा खाकरला. “सुरुवात करण्याआधी एक दुःखद गोष्ट...”

“मामा, आधी मी बोलतो,” दशांश म्हणाले.

रुग्णालयात चारचौघांत तो शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. ते उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. किल्ली, रविवार, तुकडे, आठ नंबरचा बिल्ला. स्वतःला वाचवणारा एक शब्दही त्यात नव्हता. मग त्यांनी साच्याची चूक फळ्यावर आकृती काढून समजावली, इतकी स्वच्छ की चूक करणारा आणि दाखवणारा एकच माणूस आहे हे ऐकणाऱ्यांना विसरायला झालं. शेवटी त्यांनी छापील अहवालाच्या पहिल्या पानावर आडवी रेघ मारली आणि तो सरांपुढे ठेवला.

“ही तुलना रद्द समजा. मोडण्याचं कारण दांडा नव्हता, मी होतो. माझा राजीनामा पाकिटात आहे.”

मेट्रनबाईंनी आयुष्यात बरीच धाडसं पाहिली होती, वाहत्या रक्तात न थरथरणारे हात पाहिले होते. पण आपल्याच दोन वर्षांच्या कामावर इतकी सरळ रेघ मारणारा हात त्यांनी आज पाहिला, आणि त्यांना त्या मुलाचा अभिमान वाटला.

“राजीनामा नको,” धाकट्या मॅडम म्हणाल्या. सकाळनंतर त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. “सर, डाव्या दांड्यांची चाचणी पुन्हा करायची आहे. ती यांच्याइतकी नेमकी कोण करणार? अहवालातही यांचं नाव राहू दे. चूक कशी झाली आणि कशी सापडली, तेही त्यात छापू. जगात आणखी कुठेतरी असाच साचा असेल.”

मोठ्या सरांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. तो कायम नेमणुकीचा होता. त्यांनी तिथेच सही केली, उठून टेबलाच्या टोकाला गेले आणि तो धाकट्या मॅडमच्या पुढे ठेवला.

“सकाळी मी तुम्हाला चोर म्हणालो,” ते म्हणाले. “शब्द वापरला नाही, पण म्हणालोच. तोही पुराव्याशिवाय. माझं चुकलं. मला माफ करा.”

मग ते भाच्याकडे वळले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

६

लिफ्टवाल्याच्या बायकोकडे दशांश स्वतः गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मोडला तो यांच्या पायात की तुमच्या यंत्रात?”

“यंत्रात.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “यांनी तो जपूनच वापरला होता.”

दीड महिन्याने नवा तक्ता आला. नवे डावे दांडे, नवा साचा. सहाच्या सहा टिकले. वाकडा दांडा सरळ दांड्याच्या शेजारी, त्याच रांगेत, रुग्णालयाच्या यादीत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली शस्त्रक्रिया एका सत्त्याहत्तर वर्षांच्या आजींची होती. हात धुऊन मोठे सर आत आले. तीस वर्षं ते टेबलाच्या ज्या बाजूला उभे राहत, तिथे ते गेले नाहीत. वळसा घालून ते समोर गेले, मदतनिसाच्या जागी, आणि त्यांनी जखम उघडी धरण्याचे हूक हातात घेतले.

“मॅडम, आज तुम्ही करा,” ते म्हणाले. “वाकडा दांडा मी कालच मागवून ठेवलाय.”

धाकट्या मॅडमनी भिंतीवरचा क्ष-किरणांचा फोटो बराच वेळ पाहिला. मग त्या म्हणाल्या, “सर, आजींचं हाड रुंद आहे आणि मऊ झालंय. यांना तुमचाच बरा. सिमेंटमध्ये फार सुंदर बसेल.”

पुढचा सव्वा तास सरांनी हूक धरून ठेवले आणि समोरचे हात कसे चालतात ते पाहत राहिले. चकचकीत दांडा सिमेंटमधून सावकाश खाली उतरला आणि नेमका जिथे थांबायला हवा तिथे थांबला. तेव्हा मास्कच्या वर सरांचे डोळे भरून आले. हात गुंतलेले असल्यामुळे त्यांना ते पुसता येईनात. मेट्रनबाई मागून आल्या आणि त्यांनी ते टिपले.